नखाएवढा शिंपला

आमच्या रात्रीच्या वर्गात मी एकदा शिंपल्याची गोष्ट सांगायला घेतली. मागे बसलेले भोईमामा हसले. म्हणाले, "गुरुजी, शिंपल्याची कसली गोष्ट सांगताय? नदीत उतरलं की पायाला लागतो. त्यानं कधी कुणाचं वाकडं केलंय?"

मामांचे म्हणणे खोटे नव्हे. आपल्या नदीतला शिंपला गरीब जीव आहे. तो वाळूत अर्धा रुतून बसतो. पाणी आत ओढतो, त्यातले बारीक खाद्य खातो, पाणी बाहेर सोडतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण मी सांगत होतो तो शिंपला वेगळा. तो आकाराने नखाएवढा. फार मोठा झाला तर अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या पाठीवर काळे-पांढरे पट्टे असतात. झेब्रा म्हणून पट्टेरी घोड्यासारखे जनावर आफ्रिकेत असते, त्यावरून याला झेब्रा शिंपला म्हणतात. या नखाएवढ्या जिवाने एका शहराचे पाणी तोडले. ते कसे, ते ऐका.

अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांच्या मध्ये पाच मोठी सरोवरे आहेत. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारिओ ही त्यांची नावे. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलाव येतो. तसे नाही. एका काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्रच जणू, फक्त पाणी गोडे. साऱ्या जगात जमिनीवर जेवढे गोडे पाणी उघडे आहे, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. तीन कोटींहून अधिक माणसे त्यावर जगतात. पिण्याचे पाणी तिथले, मासे तिथले, कारखाने आणि वीजघरे चालतात तीही त्याच पाण्यावर.

ईरी सरोवराच्या काठी मन्रो नावाचे शहर आहे. १९८९ सालचा डिसेंबर महिना होता. तिकडची थंडी म्हणजे पाण्याचा बर्फ करणारी. अशा थंडीत मन्रोच्या नळांचे पाणी गेले. शाळा बंद, दुकाने बंद, कारखाने बंद. सरोवर तर काठोकाठ भरलेले! मग पाणी गेले कुठे? शहराचा मोठा नळ सरोवराच्या आत दूरवर गेलेला होता. त्याच्या तोंडात आणि अंगात शिंपले दाटले होते. एकावर एक, त्यावर आणखी एक, असे थर चढले होते. नळाचे तोंड बारीक झाले, त्यात बर्फाची भर पडली, आणि पाणी अडले.

आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या फूटव्हॉलमध्ये पाला अडकला तर काय होते ते तुम्ही जाणता. मोटार नुसती ओरडते, पाणी चढत नाही. पाला हाताने काढता येतो. हा शिंपला मात्र हाताने निघत नाही. त्याच्या अंगातून रेशमासारखे बारीक दोरे निघतात आणि दोऱ्यांच्या टोकाला डिंक असतो. हा डिंक पाण्यातही सुटत नाही. दगड, लोखंड, लाकूड, प्लॅस्टिक, होडीचे बूड, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, काहीही चालते. कडक जागा मिळाली की चिकटला.

त्याच मन्रो गावी एक मोठे वीजघर आहे. यंत्रे थंड ठेवण्यासाठी ते सरोवराचे पाणी घेते. त्याच्या पाण्याच्या वाटेत शिंपले मोजले, तेव्हा एका चौरस मीटरमध्ये सात लाखांपर्यंत भरले! चौरस मीटर म्हणजे सव्वातीन फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा. एक माणूस मांडी घालून ऐसपैस बसेल एवढी. तेवढ्या जागेत सात लाख जीव.

हे आले कुठून?

झेब्रा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या बाजूचा. त्या समुद्रांना मिळणाऱ्या नद्यांत तो फार पूर्वीपासून राहतो. पॅलस नावाच्या पंडिताने १७७१ साली उरल नदीच्या मुलखातून त्याचे वर्णन लिहिले. तिथे त्याला खाणारे मासे होते, रोग होते, वाटेकरी होते. त्यामुळे तो आपल्या पायरीने राहत होता. पुढे युरोपात व्यापारासाठी कालवे खोदले. एक नदी दुसरीला जोडली. लाकडांना आणि नावांना चिकटून हा शिंपला कालव्याकालव्याने पुढे सरकला. १८२४ साली तो लंडनच्या गोदीत सापडला. पण अटलांटिक महासागर काही त्याला ओलांडता येईना. खारे पाणी त्याला मारते.

मग महासागर ओलांडला कसा? जहाजाच्या पोटातून!

रिकामी बैलगाडी खडबडीत वाटेने जोरात नेली तर ती उलटायची भीती असते. जहाजाचेही तसेच आहे. रिकामे जहाज लाटांवर डोलते. म्हणून माल उतरवला की जहाजाच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरून घेतात. ते तोलाचे पाणी. दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते पाणी ओतून देतात. आता विचार करा. युरोपातल्या नदीच्या बंदरात भरलेले पाणी अमेरिकेच्या सरोवरात ओतले, तर त्या पाण्यातले जीवही ओतले गेले की नाही? या शिंपल्याची पिल्ले तर डोळ्यांना दिसतही नाहीत. काही आठवडे ती पाण्यात तरंगत असतात. एक बादली पाणी भरले तरी त्यात कितीतरी जातील.

१९५९ साली समुद्रातून या सरोवरांपर्यंत मोठ्या जहाजांचा जलमार्ग खुला झाला. महासागरातले जहाज थेट देशाच्या पोटात साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक आत येऊ लागले. मोठे काम झाले म्हणून सगळ्यांनी कौतुक केले, आणि काम होतेही मोठे. पण मालाबरोबर आणखी काय येते, हे पाहायला दारावर कोणी बसवला नव्हता.

१९८८ सालच्या जून महिन्यात कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाचे विद्यार्थी सेंट क्लेअर सरोवराचा तळ तपासत होते. हे ह्युरॉन आणि ईरी यांच्या मधले लहान सरोवर. तळातून जे वर आले त्यात दगडाला घट्ट चिकटलेला एक इवलासा शिंपला होता. कुणाच्या ओळखीचा नव्हता. पंडितांना दाखवला तेव्हा ओळख पटली. पण त्या वेळेपर्यंत उशीर झालेला होता. १९९० पर्यंत तो पाचही सरोवरांत पोचला. त्याच्या मागोमाग त्याचा भाऊही आला. त्याचे नाव क्वागा शिंपला. तो १९८९ साली ईरी सरोवरात सापडला. झेब्रा शिंपल्याला बसायला शक्यतो कडक जागा लागते. क्वागाला चिखलही चालतो, थंडी चालते, खोल पाणीही चालते. आज मिशिगन सरोवराच्या तळावर क्वागाचेच राज्य आहे. झेब्राला त्याने जवळजवळ हाकलून दिले.

इथे आमच्या वर्गातल्या एका आक्कांनी विचारले, "गुरुजी, पण एवढे होतातच कसे?"

आक्का, हिशेब ऐका. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. त्यातली बहुतेक मरतात. पण शंभरातली एक जरी जगली तरी दहा हजार झाली. आपल्या नदीतल्या शिंपल्याचे तसे नाही. त्याची पिल्ले माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना धरून काही दिवस राहतात, तेव्हा कुठे वाढतात. मासा भेटला नाही तर पिल्लू मेले. झेब्रा शिंपल्याला माशाची गरज नाही. तो पाण्यावर तरंगत जातो आणि जागा मिळाली की बसतो.

आता त्याने काय नुकसान केले ते पाहू.

नळांचे सांगितलेच. तेव्हापासून तिथली पाणीपुरवठ्याची ठिकाणे आणि वीजघरे दर वर्षी पैसा खर्च करत आली आहेत. कुठे नळात क्लोरिन सोडतात, कुठे गरम पाणी सोडतात, कुठे पाणबुडे उतरवून खरवडून काढतात. हा खर्च शेवटी नळपट्टीत आणि विजेच्या बिलात येतो. मला यातली एक गोष्ट फार खटकते. पाणी ओतले जहाजवाल्यांनी, आणि भाडेही त्यांनीच घेतले. नळ साफ करायचा खर्च मात्र काठावरच्या गावांनी भरला. शिंपल्याला दोष देऊन काय करणार? तो बिचारा आपल्या पायाने आलेला नाही.

पण नळांपेक्षा मोठे नुकसान पाण्यात झाले. एक पुरा वाढलेला शिंपला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. आपण त्या चौरस मीटरचे गणित करू. सात लाख शिंपले, सात लाख लिटर. सगळेच पुरे वाढलेले नसतात, म्हणून निम्मे धरा. तरी साडेतीन लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर! एका माणसाच्या बैठकीएवढ्या जागेतून, रोज.

पाणी गाळले तर चांगलेच की, असे तुम्ही म्हणाल. तिथल्या लोकांनाही पहिल्यांदा तसेच वाटले. गढूळ ईरी सरोवर निवळू लागले. तळ दिसू लागला. लोक खूश झाले. पण पाण्यातला जो हिरवट गढूळपणा असतो ना, तेच माशांच्या पिल्लांचे दूध आहे. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्या खाऊन बारीक किडे वाढतात, ते किडे लहान मासे खातात, आणि लहान माशांवर मोठे मासे जगतात. शिंपल्यांनी पहिली पंगतच उठवली! मिशिगन सरोवराच्या तळाला कोळंबीच्या जातीचा एक दाण्याएवढा जीव होता. चरबीने भरलेला, माशांचे मोठे खाद्य. शिंपले आल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. तिथे व्हाइटफिश नावाचा मासा कोळ्यांच्या पोटापाण्याचा मासा आहे. त्याला हे खाद्य मिळेना. तो रोडावला, आणि पुढे त्याची संख्याही घटली. आता मिशिगन सरोवराचे पाणी सुपीरियरहूनही नितळ दिसते. कोळ्याला त्या नितळपणाचा काय उपयोग?

तिथल्या जुन्या, मूळच्या शिंपल्यांचे हाल तर विचारू नका. ते आपल्या नदीतल्यासारखेच, तळात अर्धे रुतून राहणारे, वर्षानुवर्षे जगणारे. त्यांची पाठ कडक, म्हणून झेब्रा शिंपले त्यांच्यावरच बसले. एकेका जुन्या शिंपल्यावर दहा हजारांहून अधिक बसल्याची नोंद आहे. तोंड उघडता येईना, खाता येईना. सेंट क्लेअर सरोवरातले आणि ईरीच्या पश्चिम भागातले जुने शिंपले काही वर्षांत जवळजवळ संपले.

पाणी नितळ झाले तसे ऊन तळापर्यंत गेले. तळावर शेवाळ माजले. वादळ आले की ते शेवाळ तुटून काठाला लागते आणि कुजते. त्या कुजक्या जागी एक विषारी जंतू वाढतो. गोबी नावाचा एक मासा त्याच काळ्या समुद्राकडून असाच जहाजातून आलेला आहे. तो शिंपले खातो. हे विष त्याच्या अंगात जाते, आणि तो मासा खाणारे पाणपक्षी मरतात. मिशिगन आणि ईरीच्या काठांवर असे हजारो पक्षी मरून पडले आहेत.

आणखी एक खोडी आहे. पाण्यात निळ्या-हिरव्या रंगाचे एक विषारी शेवाळ असते. शिंपला चांगले खाद्य गिळतो आणि हे विषारी थुंकून देतो. म्हणजे शेतातले चांगले पीक काढून गवत राखावे तसे झाले. २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये ईरीच्या काठच्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात हे विष आले. चार लाखांवर लोकांना सुमारे तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. यात मोठा दोष शेतातून वाहून आलेल्या खतांचा होता, हे खरे. शिंपल्यांनी त्याला हातभार लावला.

भोईमामा इतका वेळ गप्प होते. ते आता म्हणाले, "अहो, मग खात का नाहीत त्यांना? कोकणात तर तिसऱ्या, कालवं, सगळं खातात."

प्रश्न रास्त आहे. बदके खातात, काही मासे खातात. पण खाणाऱ्यांपेक्षा येणारे फार. माणसाने खावे तर आत मांस ते किती? वाटाण्याएवढे! शिवाय पाणी गाळता गाळता पाण्यातले विष त्याच्या अंगात साठते. म्हणून तिकडे तो खाऊ नये असेच सांगतात.

सरकारांनी उपाय केले नाहीत असे नाही. १९९३ पासून अमेरिकेने सक्ती केली, की या सरोवरांत येणाऱ्या जहाजाने तोलाचे पाणी भर समुद्रात बदलावे. खाऱ्या पाण्याने गोड्या पाण्यातले जीव मरतात. पण पळवाट राहिली. टाकी रिकामी म्हणून सांगितलेल्या जहाजातही तळाला गाळपाणी उरते, आणि त्यात जीव असतात. ती वाट कॅनडाने २००६ साली आणि अमेरिकेने २००८ साली बंद केली. तेव्हापासून सरोवरांत नवे पाहुणे येणे फारच कमी झाले. साऱ्या जगाच्या जहाजांसाठी २००४ साली करार झाला, तो २०१७ साली लागू झाला. म्हणजे पहिला शिंपला सापडला त्यानंतर एकोणतीस वर्षांनी!

जे आले ते मात्र गेले नाहीत. एवढ्या मोठ्या सरोवरातून शिंपला काढणे आजवर कुणाला साधलेले नाही. आता तो होड्यांना चिकटून, ट्रकवरून, कोरड्या रस्त्याने फिरतो. ओल राहिली तर पाण्याबाहेर काही दिवस जगतो. २००७ साली क्वागा शिंपला अमेरिकेच्या पश्चिमेला, हूव्हर धरणाच्या जलाशयात सापडला. पूर्वेची सरोवरे कुठे, हे धरण कुठे! मध्ये वाळवंट आहे. २०२१ साली तर शोभेच्या मत्स्यपेटीत ठेवायच्या शेवाळाच्या गोळ्यांत झेब्रा शिंपले निघाले. ते गोळे दुकानांतून विकले जात होते.

लहान जागी आणि लवकर सापडला तर मात्र इलाज चालतो. व्हर्जिनिया राज्यात बारा एकरांची एक जुनी दगडखाण पाण्याने भरलेली होती. तिच्यात झेब्रा शिंपला शिरला. २००६ साली तीन आठवडे तिच्यात पोटॅशचे पाणी सोडले. होय, आपण उसाला टाकतो तेच म्युरिएट ऑफ पोटॅश. शिंपले सगळे मेले आणि मासे जगले. पण बारा एकर ते बारा एकर. ईरी सरोवराला पोटॅश कुठून आणणार?

आता आपल्या देशाकडे येऊ. झेब्रा शिंपल्याचा एक चुलतभाऊ आहे. तो मध्य अमेरिकेकडचा, खाडीच्या आणि बंदराच्या पाण्यात राहणारा. तो १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला, आणि पुढे मुंबईच्या बंदरातही आला. तो आजही आहे. हाच जीव १९९९ सालच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन गावी तीन लहान होडीबंदरांत सापडला. तिथल्या लोकांनी काय केले? बंदरांना दारे होती, ती लावून घेतली. आत क्लोरिन आणि मोरचूद ओतले. द्राक्षाला फवारतात तेच मोरचूद. आतले सगळे जीव मेले, मासेसुद्धा. जिवावर येणारी गोष्ट होती. बाहेर गेलेल्या शेकडो होड्या शोधून तपासल्या. महिन्याभरात शिंपला नाहीसा झाला. मुंबईसारख्या उघड्या, मोठ्या बंदराला असे दार लावता येत नाही. दोन्ही ठिकाणी जीव एकच; फरक दाराचा आणि वेळेचा.

अलीकडची गोष्ट तामिळनाडूतली आहे. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरची खाडी आहे. तिथे दक्षिण अमेरिकेकडचा आणखी एक शिंपला आला. केरळच्या खाड्यांतही तो पसरला आहे. एन्नोरचे कोळी त्याला काका आळी म्हणतात. चिखलावर तो सतरंजी अंथरावी तसा पसरतो. कोळंबी चिखलात राहते, तिला जागा उरत नाही. तिथे हाताने चिखल चाचपून कोळंबी पकडणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे ना होडी, ना मोठे जाळे. खाडीचा तळ शिंपल्यांनी झाकला की त्यांची चूलच झाकली.

आपल्या धरणांत झेब्रा शिंपला नाही. पण परके जीव पाण्यात सोडण्याची सवय आपल्यालाही आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, फुलांसाठी म्हणून आणली. आज कित्येक नद्या तिने झाकल्या आहेत. विदेशी मांगूर पाळायला बंदी आहे, तरी चोरून पाळतात, आणि पुरात तळी फुटली की तो नदीत जातो. हे मी वर्गात बोललो तेव्हा दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून गप्प झाले. मीही अधिक विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी भोईमामा वर्गात आले ते ओला रुमाल घेऊनच. त्यात पाच-सहा शिंपले होते. म्हणाले, "गुरुजी, बघा बरं, यातला कुणी त्यांचा भाऊबंद हाय का?"

आम्ही कंदील नव्हे, आता मोबाईलची बत्ती असते, ती जवळ धरली. एकेक शिंपला उलटापालटा करून पाहिला. लांबट, मळकट, बोटाहून मोठे. पट्टे नाहीत. कुठे दोरा चिकटलेला नाही. एका शिंपल्याने जिभेसारखा पाय हळूच बाहेर काढला आणि वाळू शोधू लागला. आक्का म्हणाल्या, "हे आपलेच की." मामांनी ते पुन्हा ओल्या रुमालात बांधले. वर्ग सुटल्यावर ते घरी न जाता नदीच्या वाटेने गेले.